शाळा न सोडल्याचा दाखला

आमचे अण्णा हिशेब उर्दूत करीत आणि देवपूजा मराठीत. बेरजेला ते जमा म्हणत, वजाबाकीला तफरीक, गुणाकाराला जरब आणि भागाकाराला तकसीम. १९३२ सालचा त्यांचा जन्म. निजामाच्या राज्यातली शाळा त्यांच्या वाट्याला आली, आणि तीत मराठीला दाराबाहेरच्या पाहुणीइतकाच मान होता. तेव्हा मराठी ते घरी शिकले. पोथ्यांवरून बाळबोध आणि जुन्या खतपत्रांवरून मोडी. जे शाळेत मिळत नाही ते घरी मिळवावे, आणि जे घरी मिळत नाही ते ज्याला येते त्याच्या ओट्यावर जाऊन बसून मिळवावे, असा त्या पिढीचा सरळ व्यवहार होता. 'हा घरी शिकलेला' असे कुणाविषयी बोलले गेले तर त्यात ना कौतुक असे, ना शंका.

आमच्या मराठवाड्याला ही गोष्ट नवी वाटण्याचे कारणही नाही. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ साली निघाली ती सरकारी शिक्षणाच्या बाहेरच. त्या शाळेत मास्तरकी केलेल्या स्वामी रामानंद तीर्थांचे नाव १९९४ साली नांदेडच्या विद्यापीठाला मिळाले, आणि आज पदवीच्या कागदावर ते नाव छापून येते. १९३८ साली वंदे मातरम् म्हटल्याबद्दल हैदराबादच्या आणि औरंगाबादच्या वसतिगृहांतून मुलांना बाहेर काढले गेले, तेव्हा कुलगुरू टी. जे. केदार यांच्या नागपूर विद्यापीठाने त्यांना जवळ केले. पी. व्ही. नरसिंह राव हे त्या मुलांतलेच एक. आणि आमच्या नांदेडात तर नरहर कुरुंदकर होऊन गेले. इंटरच्या परीक्षेने ज्यांना पुनःपुन्हा परत पाठवले, तेच गृहस्थ पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. परीक्षा आणि विद्या यांची गाठ पडतेच असे नाही, हे सांगायला आम्हांला परगावचा दाखला नको.

पण दाखला हा शब्द मी सहज लिहून गेलो. त्याच शब्दाने आमच्या घरात पाच-सहा वर्षे मुक्काम ठोकला होता, त्याची ही हकिकत.

माझी धाकटी बहीण नांदेडलाच दिलेली. मेहुण्यांची पिठाची गिरणी आहे. त्यांची मुलगी सहा वर्षांची झाली, आणि ज्या जूनमध्ये तिचे नाव पहिलीत घालायचे त्याच जूनमध्ये तिला सांध्यांचा ताप आला. आज गुडघा सुजे, उद्या घोटा, परवा मनगट. डॉक्टर म्हणाले, वर्षभर घरी ठेवा. वर्षाची दोन झाली, दोनाची चार. मधे ती बरी असे, मग पुन्हा आठ-आठ दिवस अंथरुणावर. शाळेत घालायचे ते पुढच्या जूनमध्ये, असे दर जूनला ठरे. आणि या अवधीत पोरगी शिकत होतीच. सकाळी आईपाशी, दुपारी अण्णांपाशी. अण्णांनी तिला पाढे शिकवले, उर्दू आकडे शिकवले, व्याज काढायला शिकवले. संध्याकाळी ती गिरणीत बापाशेजारी बसून कुणाचे किती पायली दळण आले, किती पैसे राहिले, हे पाटीवर मांडी. गल्लीत एक निवृत्त शास्त्रशिक्षक राहतात. त्यांच्याकडे ती रविवारी जाई आणि प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडी.

२०१५ च्या जुलैत सरकारने शाळाबाह्य मुलांची राज्यभर पाहणी केली. घरी एक तरुण गुरुजी आले. फार सभ्य माणूस. त्यांनी मुलीला वाचायला दिले, गणित घातले, चकित झाले, आणि चहा घेऊन जाताना कागदावर 'शाळाबाह्य' लिहून गेले. नियमाने तसेच लिहायला हवे होते. पण बहिणीच्या मनाला तो शब्द लागला. "दादा," ती मला म्हणाली, "दिवसभर पाटी-पेन्सिल घेऊन बसलेलं लेकरू बाह्य कसं?"

मी बँकेत नोकरी केलेला माणूस. कागदाचा महिमा मला ठाऊक आहे. मी म्हणालो, "बाई गं, शब्दाचं सोड. हिच्या नावावर एक तरी सरकारी परीक्षा पाहिजे. नाही तर कॉलेजचं दार कोण उघडणार?"

आपल्या राज्यमंडळात शाळेबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी सतरा नंबरचा अर्ज असतो. मराठवाड्यातल्या कित्येक शेतकऱ्यांच्या मुलांनी आणि लवकर लग्न झालेल्या मुलींनी तो भरून दहावी काढली आहे. पोरगी तेरा वर्षांची झाली तेव्हा तिला घेऊन मी गावातल्या एका शाळेच्या कचेरीत चौकशीला गेलो. टेबलामागचे बाबू पोक्त होते. त्यांनी कागदांची यादी वाचली आणि पहिल्याच कलमाशी थांबले.

"शाळा सोडल्याचा दाखला?"

"नाही."

"हरवला असेल तर दुय्यम प्रत चालते. सोबत प्रतिज्ञापत्र लावा. कोणती शाळा होती?"

"शाळेत गेलीच नाही हो ती."

बाबूंनी चष्मा काढून पोरीकडे पाहिले. "गेलीच नाही, तर मग सोडली कधी?"

त्यांच्या बोलण्यात टिंगल नव्हती. ते खरोखरच अडचणीत पडले होते. तो अर्ज शाळा सुटलेल्यांसाठी केलेला. शाळेत न शिरलेल्या माणसाची कल्पना त्यात धरलेली नव्हती. ज्याने उंबरठा ओलांडला त्याला बाहेर पडल्याची खूण मागता येते. आमची पोरगी उंबरठ्यापर्यंतही गेली नव्हती. परतताना तीच मला म्हणाली, "मामा, शाळा न सोडल्याचा दाखला मिळत नाही का कुठं?"

मार्ग निघाला तो राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा. ही संस्था १९८९ सालची, केंद्र सरकारची. चौदा वर्षे पूर्ण झालेला कुणीही तिथे दहावीला बसू शकतो. आठवी पास असल्याचा कागद नसला, तर 'या अभ्यासक्रमापुरते मला येते' असे स्वतःच लिहून दिले तरी भागते. मला ती ओळ फार आवडली. एवढ्या मोठ्या देशात कुठेतरी एका छापील कागदावर मुलाच्या शब्दाला जागा ठेवलेली आहे! २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षेत पोरगी दहावी झाली. अण्णा त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. २०२२ साली ती बारावी झाली. शेकडा चौऱ्याऐंशी.

चौऱ्याऐंशी हा आकडा नांदेडच्या आमच्या घरात पेढे वाटण्याजोगा होता. लातूरच्या बसमध्ये बसल्यावर तो हळूहळू लहान होत गेला. लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावे मागे पडत होती आणि भिंतींवरून, फलकांवरून मुलांचे फोटो आणि त्यांखाली गुण येत होते. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव. लातूर हे गुणांचे गाव. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळापासून 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रात रूढ झाला. हेच वाघमारे पुढे नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्या पॅटर्नची घडण कष्टाची आहे आणि तिची थट्टा करण्याचा मला अधिकार नाही. खेड्यातल्या पोरांना तिने डॉक्टर-इंजिनिअर केले. पण २०२४ साली राज्यात दहावीला शंभर टक्के मिळवणारी मुले १८७ निघाली, त्यांतली १२३ एकट्या लातूर विभागाची होती, एवढे सांगितले म्हणजे त्या गावात चौऱ्याऐंशीला काय भाव असेल ते कळेल.

तिला संख्याशास्त्र शिकायचे होते. जे महाविद्यालय आम्ही पाहिले तिथे वर्ग, प्रयोगशाळा आणि मुलींचे वसतिगृह एकाच आवारात होते, आणि जिने थोडे. तिच्या गुडघ्यांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हती. प्रवेश मिळाला. शाळेच्या दाखल्याच्या जागी मुक्त विद्यालयाचे स्थलांतर प्रमाणपत्र चालले. शुल्कही फार नव्हते. भारी होती ती वसतिगृहाची आणि खाणावळीची रक्कम. पिशवीबंद पीठ घरोघर जाऊ लागल्यापासून गिरणीचा पट्टा दिवसातून चार तासही फिरत नाही, आणि अण्णांच्या आजारपणाने होती ती शिल्लक संपवली होती.

तेव्हा आम्ही मामा-भाची शिष्यवृत्त्यांची यादी घेऊन बसलो. आठवीच्या मुलांसाठी केंद्र सरकारची एक परीक्षा असते. ती पास झाले की नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला बारा हजार मिळतात. पण ती सरकारी आणि अनुदानित शाळांच्या बाकांवर नियमित बसणाऱ्यांसाठी. ती वेळ केव्हाच निघून गेली होती. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांना वर्षाला ऐंशी हजारांपर्यंत देणारी एक योजना आहे, पण तीत वाट ठेवलेली आहे ती मुख्यतः आपापल्या मंडळात वरच्या एक टक्क्यात येणाऱ्यांना. तिथे आमचे चौऱ्याऐंशी पोचत नव्हते. यात अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. सरकारला लाखो मुले एका चाळणीतून घालायची असतात, आणि चाळणीला भोके सारखीच पाडावी लागतात.

शेवटी उरला लातुरातल्या एका व्यापाऱ्याच्या नावाचा जुना न्यास. होतकरू मुलांना खाणावळीचा खर्च देणारा. त्याचा अर्ज दोन पानांचा होता. पहिले पान आम्ही एका बैठकीत भरले. दुसऱ्या पानावर लिहिले होते: 'विद्यार्थ्याच्या गुणवत्तेविषयी व वर्तनाविषयी शाळेच्या मुख्याध्यापकांचा अभिप्राय.'

आठ दिवस ते पान कोरे राहिले. मेहुणे म्हणाले, "तिच्या आईनंच शिकवलं, तिची सही घ्या." बहीण म्हणाली, "माझी सही कोण मानील? कोणती आई आपल्या लेकराला ढ म्हणते?" तिचे बरोबर होते. अमेरिकेत घरी शिकलेल्या मुलांच्या गुणपत्रकावर आईबापांनीच सही करायची असते, आणि तिथली महाविद्यालये ती वाचतात, असे मी ऐकून होतो. पण तिथेही त्या सहीच्या जोडीला ती आणखी काही मागतातच.

त्या आठ दिवसांत मला दोन माणसांची फार आठवण झाली. एक आनंदीबाई जोशी. गोपाळरावांनी बहुतेक घरीच शिकवलेली ही मुलगी १८८३ साली अमेरिकेत जाऊन पोचली, आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला तिने पत्र लिहिले. आपण प्रवेशाच्या सगळ्या अटींत बसत नसू, पण आपली गोष्ट जगावेगळी आहे, ती जगावेगळी समजूनच तिचा विचार व्हावा, असा त्या पत्राचा भाव आहे. महाविद्यालयाने तसा विचार केला, आणि १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. दुसरी आपल्याच काळातली, मुंबईची मालविका राज जोशी. सातवीनंतर आईने तिला शाळेतून काढून घरी शिकवले. दहावी-बारावीचा कागद नसल्याने आय.आय.टी.चे दार तिला बंद होते. पण संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदके मिळवली, आणि २०१६ साली अमेरिकेच्या एम.आय.टी.ने तिला घेतले. तिथे मदत गुण पाहून दिली जात नाही. घरची गरज पाहून दिली जाते. गुणाने प्रवेश आणि गरजेने पैसा, अशी तिथली वाटणी आहे.

या दोघींच्या गोष्टी आपण अभिमानाने सांगतो. त्या सांगण्यासारख्याच आहेत. पण रात्री त्या कोऱ्या पानाकडे पाहताना माझ्या मनात येई की एकीने समुद्र ओलांडला होता आणि दुसरीच्या गळ्यात तीन पदके होती. साक्ष द्यायला समुद्र होता, पदके होती. जिने समुद्र ओलांडला नाही आणि पदक मिळवले नाही, जी नुसती चांगली आहे, समजून शिकणारी आहे, दुखऱ्या बोटांनी लिहिणारी आहे, तिच्या बाजूने कोण बोलणार? शाळेत जाणाऱ्या मुलाला दहा मास्तर आणि चाळीस सोबती न मागता साक्षीदार मिळतात. तो हुशार आहे हे त्यांच्यादेखत घडलेले असते. घरी शिकणाऱ्याचे सारे शिक्षण चार भिंतींत झालेले, आणि पाहणारे ते सगळे रक्ताचे. गुणवत्तेची शिष्यवृत्ती नुसत्या गुणावर मिळत नाही. तो गुण कुणा परक्याने पाहिलेला असावा लागतो.

असा परका एकच होता. गल्लीतले ते शास्त्राचे सर. मी पान घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी वाचले आणि मान हलवली. "मी मुख्याध्यापक नव्हतो कधी. आणि खरं सांगू? मी तिला शिकवलंही नाही. ती शिकताना मी पाहिलं, एवढंच."

"तेवढंच लिहा, सर," मी म्हणालो.

त्यांनी तेवढेच लिहिले, आठ ओळींत. 'मुख्याध्यापक' या शब्दावर रेघ मारून त्यांनी तिथे 'शेजारी' असे लिहिले.

मुलाखतीला बहीणही आली. तिच्यासोबत एक पत्र्याची पेटी होती. मी विचारले तर म्हणाली, "असू दे." खोलीत तीन गृहस्थ होते, एक निवृत्त प्राचार्य, एक वकील, आणि मोंढ्यातले एक वयोवृद्ध आडते, धोतर-टोपीतले. प्राचार्यांनी सौम्यपणे सांगितले की, अर्जात शाळेचा अभिप्राय नाही, आणि नव्वदीच्या वरचे अर्जच पुष्कळ आहेत. वकिलांनी विचारले, "घरी शिकली म्हणजे नेमकं काय केलं, याला काही पुरावा?"

बहिणीने पेटी उघडली. आत लाल बासनाच्या, गिरणीच्या हिशेबाला वापरतात तशा उभ्या वह्या होत्या. अकरा. मीही त्या प्रथमच पाहत होतो. आडत्यांनी हात पुढे केला आणि मधलीच एक वही मधेच उघडली. त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचे माणूस भेटल्यासारखा भाव आला.

"हा तर रोजमेळ आहे!"

रोजमेळच होता. डाव्या अंगाला जमा, उजव्या अंगाला नावे. त्या दिवशी पोरीला जे आले ते जमेला. तिने जे विचारले आणि घरात कुणालाच सांगता आले नाही, ते आईने स्वतःच्या नावे टाकलेले. आडत्यांनी मोठ्याने वाचले: "बारा जुलै दोन हजार तेरा. ताप एकशे एक. पाठ नाही. जमा: काही नाही. नावे: ताप किती आहे ते पाऱ्याला कसं कळतं?" त्यांनी चार-सहा पाने उलटली. "तीन ऑगस्ट. जमा: पारा उष्णतेनं पसरतो, सरांकडून. बारा जुलैची बाकी फिटली."

खोलीत कुणी काही बोलले नाही. प्राचार्यांनी दुसरी वही घेतली, वकिलांनी तिसरी. पुष्कळ पानांवर जमेला काहीच नव्हते. दुखण्याचे आठ-आठ दिवस तसेच कोरे मांडलेले होते. बहिणीने एकही दिवस सजवलेला नव्हता. मला वाटते, त्या कोऱ्या जमेनेच भरलेल्या जमेची साक्ष दिली. खोटी वही लिहिणारा रिकामा दिवस ठेवीत नाही, हे आडत्यांना कुणी शिकवायला नको होते.

त्यांनी पोरीला एकच प्रश्न विचारला. "बाई, आज मितीला बाकी किती?"

"सत्तेचाळीस, आजोबा," ती म्हणाली. "त्यातली काही मला आता येतात. काहींची उत्तरं अजून कुणालाच माहीत नाहीत, असं सर म्हणतात."

आडते हसले. "असू दे. बाकी आहे म्हणजे खातं चालू आहे."

तीन वर्षांच्या खाणावळीचा खर्च न्यासाने दिला. पत्र आले तेव्हा मेहुण्यांनी गिरणी बंद करून दुपारभर दार लावून घेतले, आणि संध्याकाळी नेहमीसारखे दळण सुरू केले. पोरीने तीन वर्षे लातुरात काढली. दोन पावसाळे तिला जड गेले. एकदा तर परीक्षेला लेखनिक घ्यावा लागला. मैत्रिणी झाल्या. एका वर्गात साठ जण असतात आणि सगळ्यांना एकाच वेळी भूक लागते, याचे तिला पहिले सहा महिने नवल वाटत होते.

घरी शिकवावे की शाळेत, याचा निवाडा मी देणार नाही. आमच्या घरात ते कुणी ठरवलेच नव्हते, दुखण्याने ठरवले. पण आता कुणी आईबाप तशा वाटेवर असले आणि मला विचारू लागले, तर मी दोनच गोष्टी सांगतो. चौदाव्या वर्षी मुक्त विद्यालयात नाव घाला, म्हणजे पुढे कागद अडणार नाही. आणि रोजची वही ठेवा, पण रिकामे दिवस रिकामेच लिहा. जमल्यास गल्लीतल्या एखाद्या परक्याच्या ओट्यावर लेकराला जाऊ द्या.

२०२५ साली ती बी.एस्सी. झाली. पुढल्या शिक्षणासाठी महाविद्यालय सोडायचे, तर तिथून दाखला घ्यावा लागतो. वयाच्या विसाव्या वर्षी तिला सोडल्याचा पहिला दाखला मिळाला. सोडण्याचे कारण या रकान्यात लिहिले होते: 'शिक्षण पूर्ण'. तो घेऊन ती नांदेडला आली. आम्ही सगळ्यांनी तो हातात घेऊन पाहिला. बहिणीने तो घडी न घालता पेटीत वह्यांवर ठेवला.

"जमेला धरलास का?" मी विचारले.

"नाही," ती म्हणाली. "कारण चुकीचं लिहिलंय."